मर्यादेबाहेरचा गुडघा

ह्यांचा गुडघा बरा झाला, हे मी क्लबच्या मॅनेजरला हसतमुखानं सांगितलं आणि त्याचा चेहरा असा काही पडला की मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरी कुणाचं तरी बरंवाईट झालंय.

"बरा म्हणजे थोडा बरा की पूर्ण?" त्यानं विचारलं.

"पूर्ण. आज सकाळी जिना धावत उतरले."

"कुणी पाहिलं का?"

दुसऱ्याचा पाय बरा झाला की लोक अभिनंदन करतात. हा माणूस साक्षीदार मोजत होता. आजाऱ्यासाठी म्हणून आणलेली फळांची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलून मांडीवर घेतली.

आमचे हे हॉकीचे गोलकीपर. सगळं शहर ह्यांना भिंत म्हणतं. तीन सीझनपूर्वी शेवटच्या सामन्यात समोरच्या फॉरवर्डची आणि ह्यांची टक्कर झाली, डावा गुडघा गेला, आणि ह्यांना स्ट्रेचरवर घालून बाहेर काढलं. तेव्हापासून भिंत आमच्या सोफ्याला टेकून होती. करार लांबचा असल्यामुळे पगार येत राहिला. व्यायाम, शेक, पुन्हा व्यायाम, असं करत करत गुडघा जुळून आला आणि करारातला शेवटचा सीझन तेवढा उरला. ह्यांची इच्छा एकच. "आडवा गेलोय मैदानाबाहेर," हे म्हणायचे, "एकदा तरी ताठ चालत बाहेर यायचंय." माळ्यावरचे पॅड काढून, धुऊन, गॅलरीत वाळत घातले होते. सीझनला अजून किती अवकाश, पण हे गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते.

आणि मॅनेजर म्हणत होता, "वहिनी, हे फार वाईट झालं."

मॅनेजर तसा माणूस वाईट नाही. त्याला आकडे लगेच दिसतात, माणसं जरा उशिरा दिसतात, इतकंच. त्यानं मला चहाचा ट्रे मागितला. मला वाटलं, चहा हवा असेल. त्याला नुसता ट्रे हवा होता.

"हा ट्रे म्हणजे लीगची पगाराची मर्यादा," तो म्हणाला. "सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ह्यात मावले पाहिजेत. बाहेर एक थेंब जाता कामा नये." मग त्यानं कपाटातले कप काढून ट्रेमध्ये मांडले आणि मधोमध माझा मोठा मग ठेवला. "ही भिंत. भिंतीचा पगार मोठा. पण भिंत जखमी. जखमी माणसाचा पगार नियमाप्रमाणे मर्यादेत धरत नाहीत." त्यानं तो मग उचलून टेबलावर ठेवला. "झाली जागा. त्या जागेत मी हे दोन कप घेतले. एक नवा फॉरवर्ड, एक नवा डिफेंडर. सह्या झाल्या, फोटो झाले. आता सांगा, हा मग परत आत आला तर काय होईल?"

त्यानं तो मग परत आत कोंबला. कडेची साखरेची वाटी खाली गेली.

"मोठा ट्रे घ्या की," सासूबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून.

"मोठा मिळत नाही, मावशी. सगळ्या क्लबांना एकाच मापाचा ट्रे."

"मग कप लहान घ्या."

मॅनेजर त्यांच्याकडे बघून समजूतदार हसला. शिकलेली माणसं म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसं. मी साखर भरत होते आणि माझं डोकं तापत होतं.

"म्हणजे बरा झालो तर?" ह्यांनी विचारलं.

"तर तुम्हाला सोडावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, पण उतरतं वय आणि चढता फॉरवर्ड यात क्लब कुणाला ठेवणार?"

"आणि बरा झालो नाही तर?"

"तर आनंदच आहे. घरी बसा, पगार चालू."

"म्हणजे दोन्हीकडून घरीच."

"हो. पण एकीकडून पगारासकट," मॅनेजर म्हणाला. मग ह्यांचा चेहरा बघून त्यालाही थोडं वाटलं असावं. "असं करू. लीगचा डॉक्टर येऊन जखमींची यादी तपासून जाईपर्यंत लंगडा. सीझन सुरू झाला की कुणाचा ना कुणाचा पाय मोडेलच. हॉकीच आहे शेवटी. तो ट्रेच्या बाहेर गेला की तुम्ही आत."

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्याचा पाय मोडावा म्हणून वाट बघायची आणि तोवर स्वतःचा चांगला पाय ओढायचा, ह्याला माझे हे हो म्हणाले. जाताना मॅनेजरनं फळांची पिशवी ठेवली.

खरं सांगायचं तर ह्यांना लंगडता येईना. दुकानात लंगडत जायचे आणि येताना सुटे पैसे परत द्यायचे राहिले म्हणून धावत मागे जायचे. एकदा तर दोन्ही पायांनी लंगडले, त्याला चालणं म्हणावं की नाच हे शेजाऱ्यांना कळेना. अक्कल गुडघ्यात असती तरी एवढी वर्षं त्यावर उपचार झालेत, थोडी तरी सुधारली असती, असं मी म्हणालेसुद्धा. हे हसले नाहीत.

मग क्लबनं लंगडायला शिकवणारा माणूस पाठवला. नाटकातला नट होता. एका नाटकात त्यानं लंगडा दिवाण केला होता आणि ते नाटक इतकी वर्षं चाललं की घरीसुद्धा तो विसरून लंगडायचा. गळ्यात रुमाल, हातात वही नाही की काही नाही. आला आणि सोफ्यासमोर उभा राहून म्हणाला, "लंगडणं पायात नसतं. मनात असतं."

"माझ्या तर पायातच आहे बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आल्या.

नटानं त्यांना येताना पाहिलं. तांब्या घेतला, ठेवला आणि म्हणाला, "मावशी, परत एकदा जाऊन या."

त्या गेल्या आणि आल्या. आधी चांगला पाय, मग जरा थांबणं, मग डावा पाय जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा उचलून पुढे ठेवणं. मी रोज बघत होते ते. वय झालं, असं त्या म्हणायच्या आणि आम्हीही म्हणायचो. नटाचे डोळे मात्र भरून आले. "मी इतकी वर्षं नुसता अभिनय केला," तो म्हणाला. "हे खरं आहे."

त्यानंतर आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. सासूबाई पॅसेजच्या त्या टोकाकडून चालत यायच्या, हे ह्या टोकाला उभे राहून त्यांच्याकडे बघत तसाच पाय टाकायचे, आणि नट मधे बसून मान हलवायचा. सासूबाई खूश होत्या. "माझ्या चालण्याकडे इतकं कुणी कधी बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी तेव्हा भाजी चिरत होते. ऐकलं आणि चिरत राहिले.

दरम्यान ह्यांच्या गुडघ्याचा भाव चढत होता. नदीपलीकडच्या क्लबचाही ट्रे भरून वाहत होता. त्यांना एक मोठ्या पगाराचा, दीर्घकाळ जखमी, भरवशाचा खेळाडू हवा होता. बदल्यात आपला एक कप द्यायचा, आणि आलेला जखमी ट्रेमध्ये धरायचाच नाही. मॅनेजर फोनवर बोलताना मी ऐकलं. "नाही, नाही, गुडघ्याच्या बदल्यात एक डिफेंडर परवडत नाही. शिवाय आमचा गुडघा जुना आहे, सुधारण्याची अजिबात शक्यता नाही. असा माल बाजारात कुठं आहे?" पेपरात बातमी आली, 'भिंतीची प्रकृती चिंताजनक, क्लबमध्ये समाधान'. हे ती बातमी बराच वेळ वाचत बसले.

"सलग नऊ सामने एकही गोल जाऊ दिला नव्हता," हे म्हणाले, "तेव्हासुद्धा माझ्या बदल्यात कुणी डिफेंडर देत नव्हतं."

 

एका दुपारी मी बाजारातून आले, किल्लीनं दार उघडलं, आणि आत थबकले. पॅसेजमध्ये हे पूर्ण जामानिम्यानं उभे होते. पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, सगळं. मागे बाथरूमचं दार म्हणजे गोल. समोर स्टुलावर बसून सासूबाई मोज्यांचे गोळे करून ह्यांच्यावर फेकत होत्या. आणि फेकत होत्या म्हणजे कशा, डावा खांदा दाखवून उजवीकडे मारत होत्या. हे झेपावत होते, भिंतीवर आपटत होते, उठत होते. हेल्मेटच्या जाळीतून मला ह्यांचा चेहरा दिसला. लग्नाच्या वेळी होता तसा चेहरा. तीन वर्षांत मी तो पाहिला नव्हता, आणि तो नाहीसा झालाय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि तसेच, पॅड-हेल्मेटसकट, लंगडत दार उघडायला गेले. पेपरचे पैसे मागायला आलेला माणूस होता. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "फार दुखतंय का?"

त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस गोलमध्ये उभा राहिला पाहिजे. पगार गेला तरी चालेल, मी बघून घेईन. तसं ह्यांना सांगितलंही. हे म्हणाले, "सोडल्यावर दुसरं कोण घेणार मला ह्या वयात? ह्या क्लबात नाही उभा राहिलो, तर कुठंच नाही." ते खरं होतं. म्हणजे उपाय नव्हता, आणि लीगचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा होता.

डॉक्टर आला. हाडांचा डॉक्टर, उंच, अबोल, कुणाच्या घरी पाणीसुद्धा न घेणारा वाटावा असा. मॅनेजर आधीच येऊन बसला होता. नटही आला होता, चुलतभाऊ म्हणून. हे आतल्या खोलीतून निघाले आणि चालत आले. काय सांगू, काय सुंदर लंगडले. चांगला पाय, थांबणं, सुस्कारा, मग दुखरा पाय उचलून पुढे. मला स्वतःला ह्यांची दया आली.

"दुखापत कुठल्या पायाला?" डॉक्टरनं विचारलं.

"डाव्या."

"लंगडताय उजव्यानं."

नटानं गळ्यातला रुमाल तोंडावर घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई समोरून चालत यायच्या. त्यांचा डावा पाय ह्यांच्या उजव्या हाताला. आरशात बघून भांग पाडावा तसं हे शिकले होते, आणि आम्ही चार शहाणी माणसं रोज टाळ्या वाजवत होतो.

"दुखणं सरकलं असेल," मॅनेजर म्हणाला. "थंडीनं सरकतं."

 डॉक्टरनं ह्यांचे दोन्ही गुडघे दाबले, वाकवले, फिरवले. "माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत," तो म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. मॅनेजर सोफ्यावर मागे टेकला. ट्रेमधला सगळा संसार त्याच्या डोळ्यांपुढे खाली पडत असावा. हे उभेच होते, आता कुठल्या पायावर भार द्यावा हे न कळल्यासारखे.

आणि सासूबाई चहा घेऊन आल्या.

डॉक्टरनं टोपण परत लावलं. त्यानं त्यांना पॅसेजच्या तोंडापासून टेबलापर्यंत येऊ दिलं, त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाला, "आजी, बसा. तो डावा पाय दाखवा."

"अहो, वय झालं. तुम्ही चहा घ्या."

त्यानं चहा घेतला नाही. खाली बसून त्यांचा गुडघा दोन्ही हातांत धरला. त्या ओठ आवळून बसल्या होत्या. "हे वयाचं नाही," तो म्हणाला. "हे पडून झालंय. आत तुटलंय आणि तसंच राहिलंय. कधी पडलात?"

"जुनं आहे."

"किती जुनं?"

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग नजर चहाच्या कपांवर ठेवून म्हणाल्या, "ह्याला स्ट्रेचरवर घेतलं ना, तेव्हा. मी स्टँडच्या पायऱ्यांवरून खाली धावत होते. पायरी चुकली."

त्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मी आधी उठले, आधी धावले. त्या मागून येत असतील असं मी धरून चालले होते.

"आई, तीन वर्षं?" हे म्हणाले.

"अरे, सगळे तुझ्याकडे बघत होते. बरोबरच होतं ते. त्यात आणि माझं काय सांगत बसायचं? मग तू सोफ्यावर, सगळ्यांचा जीव तुझ्या गुडघ्यात. एका घरात दोन गुडघे कुठं सांभाळायचे?"

  ह्यांनी खाली बसून आईच्या पायावर हात ठेवला, आणि त्या, "उठ रे, चांगला गुडघा कशाला टेकवतोस," असं म्हणत होत्या.

"मावशी," मॅनेजर पुढे सरकून म्हणाला, "तेव्हा सामना चालू होता का?"

माझ्या हाताशी ट्रे होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, ही माझ्या माहेरची शिकवण.

"चालू होता," डॉक्टर म्हणाला. "तेवीस मिनिटं बाकी होती. मी तो पाहिलाय."

मॅनेजरनं बॅगेतून लीगचं नियमांचं पुस्तक काढलं.  आणीबाणीचा गोलकीपर म्हणून क्लब कुणाही सज्ञान व्यक्तीची नोंद करू शकतो. पगार किती, ते क्लबनं ठरवायचं. क्लबच्या मैदानावर, सामना चालू असताना दुखापत झाली असेल तर पगार मर्यादेबाहेर. "मावशींना मोठा मग द्यायचा," तो म्हणाला, "आणि भिंतीनं सगळ्यात लहान कप घ्यायचा. घरातला पैसा घरातच. मोठा मग बाहेर, लहान कप आत, आणि फॉरवर्ड, डिफेंडर जागच्या जागी."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कप लहान घ्या," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. "वयाची अट नाही. बाई की बुवा, तेही नाही. दुखापत आधी की नोंद आधी, तेही नाही." त्यानं पुस्तक मिटलं. "लिहिणाऱ्याच्या स्वप्नातसुद्धा नसणार. पण मला गुडघा विचारलाय. गुडघा तुटलेला आहे आणि तुमच्या मैदानावर तुटलाय. ते मी लिहीन." मग त्यानं गार झालेला चहा उचलला आणि पूर्ण प्यायला.

सासूबाईंनी सही करण्याआधी दोन अटी घातल्या. पहिल्या सामन्यात त्यांचा मुलगा गोलमध्ये उभा राहील. आणि त्या पायऱ्या त्यांना पुन्हा चढायला लागणार नाहीत. मॅनेजर म्हणाला, जखमी खेळाडू मैदानाच्या कडेला बाकावरच बसतात, तो त्यांचा हक्कच आहे. उपचाराचा खर्चही क्लबचा. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करता येईल, फार उशीर झालेला नाही. मॅनेजरनं घाईनं विचारलं, ते सीझन संपल्यावर केलं तर चालेल का. त्या वेळी मी ट्रे खरंच उचलला होता.

ऑपरेशन तरी लांबलंच, पण ते सासूबाईंमुळे. आधी सामना, मग सुरी, असं त्यांनी सांगून टाकलं. यादी जाहीर झाली तेव्हा नदीपलीकडच्या क्लबनं सासूबाईंच्या बदल्यात दोन डिफेंडर देऊ केले. मी म्हटलं, आमच्या सासूबाई द्यायच्या नाहीत. मॅनेजर म्हणाला, "विचार तर करा, वहिनी, सासू जाते म्हटल्यावर कुठली सून नाही म्हणते?" शेजारणींचंही तेच मत पडलं.

पहिल्या सामन्याला मैदान भरलं होतं. सासूबाई क्लबची जर्सी साडीवरून घालून बाकावर बसल्या होत्या, पाय स्टुलावर, आणि शेजारचे तरणेबांड जखमी त्यांना पाणी आणून देत होते. मी ह्या वेळी वर बसले नाही, बाकाच्या मागे उभी राहिले. नट माझ्या शेजारी होता. हे मैदानात आले तेव्हा लोक उभे राहिले.

खोटं कशाला बोलू, ह्यांनी पाच गोल खाल्ले. दोन तर असे की सासूबाईंचे मोजे जास्त जोरात यायचे. पण एक चेंडू ह्यांनी जमिनीला समांतर होत असा काढला की नवा फॉरवर्ड खेळ सोडून टाळ्या वाजवत उभा राहिला. आपण हरलो. शिट्टी झाली. हे हेल्मेट काढून निघाले, ताठ, दोन्ही पायांवर, आणि सगळं मैदान पुन्हा उभं राहिलं. हेच ह्यांना हवं होतं. ड्रेसिंग रूमचं दार समोरच होतं.

हे तिकडे गेले नाहीत. बाकापाशी आले आणि आईपुढे हात केला. सासूबाई उठल्या. बाकापासून दारापर्यंत सगळ्या प्रेक्षकांसमोरून चालत जायचं, आणि लोकांपुढे हळू चालायला त्यांना फार लाज वाटते, हे मला माहीत आहे. चार पावलं त्या टाकतात न टाकतात तोच हे लंगडायला लागले.

मैदानभर हळहळ पसरली. गेला, परत गेला गुडघा, कुणीतरी म्हणालं. मॅनेजर खुर्चीतून उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला मोकळ्या झालेल्या ट्रेचा आनंद दिसला. नट मात्र ह्यांच्या पायांकडे बघत होता. "डावा," तो हळूच म्हणाला. "बरोबर डावा."

"नीट चाल रे," सासूबाई म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू देत," हे म्हणाले. "इतके दिवस कुठं बघितलं?"

दोघं तसेच निघाले, चांगला पाय, जरा थांबणं, मग डावा. मला ह्यांच्याजवळ जायचं होतं, पण मी पुढे धावले नाही. सासूबाईंच्या मागून, त्यांच्या पावलानं चालत राहिले.